तीन फुल्ल, सहा हाफ, दोन फुकट

डोंबिवलीत उन्हाळ्याची सुट्टी एकाच दिवशी लागत नाही. निदान आमच्या घरात तरी नाही. धाकटीच्या बालवाडीने तिला एप्रिलच्या सुरुवातीलाच घरी सोडलं. नऊ वर्षांचा मधला राज्य मंडळाच्या शाळेत जातो, त्याची सुट्टी महाराष्ट्र दिनाचं झेंडावंदन झाल्यावर. कल्याणच्या ताईचा मुलगा सीबीएसईचा. त्याचं नवं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, थोडं चालतं आणि मे महिन्यात धाप लागून थांबतं. राहिली थोरली. ती यंदा दहावीत गेली. तिला सुट्टी लागली असं शाळेचं म्हणणं आहे, क्लासचं तसं काही म्हणणं नाही. नववीचा शेवटचा पेपर झाला आणि व्हेकेशन बॅच सुरू झाली.

या सगळ्या सुट्ट्या एकावर एक ठेवल्या, त्यातून मधल्याची पोहण्याची बॅच आणि माझ्या ऑफिसची ऑडिटं वजा केली, तेव्हा मेच्या मध्यावर गुरुवार ते रविवार एवढी फट दिसली. त्या दिवसांत क्लासच्या सरांच्या घरी लग्न होतं. त्या अनोळखी वधूवरांचा संसार सुखाचा होवो; आमची सहल त्यांच्यामुळे झाली.

जायचं कुठे, हा प्रश्न वयावर अवलंबून होता. थोरली चौदाची. तिला शहर हवं होतं. शहर म्हणजे कुलाबा कॉजवे, काळा घोडा आणि जिथे कॉफीच्या कपावर पान काढून देतात अशी जागा. धाकटी चारची. तिला वाळू हवी होती, बाकी काही नको. मधल्याला किल्ला हवा होता, त्यात तोफ हवी होती, आणि तोफ कुठे बनली हे सांगणारं कुणीतरी सोबत हवं होतं. बारा वर्षांच्या भाच्याला कुठेही चालणार होतं, फक्त वाटेत वाहनं जास्तीत जास्त बदलायला हवी होती. सत्याहत्तरच्या नानांना देवगड हवं होतं, कारण त्यांचं बालपण तिथे गेलं. आईला चांगली मासळी आणि स्वच्छ बाथरूम. बायकोने आपली मागणी सांगितली नाही. "मला विचारलंत तर सांगीन," एवढंच म्हणाली आणि कुणी विचारलं नाही.

देवगड पहिल्याच बैठकीत पडलं. कोकण रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. साठ दिवस आधी ठरवायचं तर मार्चमध्ये ठरवायला हवं होतं, आणि मार्चमध्ये आमच्या घरात रात्रीच्या भाजीवरही एकमत नव्हतं. शिवाय नानांचा रेल्वेवर राग आहे. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली ती परत आली नाही. त्या दिवसापासून ते लांबच्या रेल्वे प्रवासाचा विषय निघाला की टोपी काढून ठेवतात.

शहर आणि समुद्र असा तोडगा काढला माझ्या धाकट्या भावाने. तो ठाण्याला घोडबंदर रोडवर राहतो. त्याला अजून मुलं नाहीत, त्यामुळे मुलांना कसं सांभाळावं याची सगळी उत्तरं त्याच्याकडे आहेत. त्याने एक शीट करून पाठवलं. गुरुवारी मुंबई, संध्याकाळच्या लाँचने मांडवा, रात्री अलिबागजवळ नागावला मुक्काम, रविवारी एसटीने परत. प्रत्येक तासाला एक चौकट, प्रत्येक चौकटीला रंग, आणि कुठली चौकट कुठल्या वयासाठी हेही लिहिलेलं. दुपारी एक ते तीनच्या चौकटीत "झोप (धाकटी)" असं होतं. झोप कुठे, हे नव्हतं.

अलिबाग ठरल्यावर मी एक धोका बोलून दाखवला. "अलिबागहून आलायस का" हे बोलणं बंद व्हावं म्हणून २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका झाली होती. न्यायालयाने ती फेटाळली. म्हणजे सोमवारी ऑफिसात हा प्रश्न मला विचारला गेला, तर तो पूर्ण कायदेशीर असणार होता आणि उत्तर "हो" असणार होतं.

एवढं लांब कशाला जायचं, असंही एक मत होतं. ते भाच्याचं. त्याचं घर दुर्गाडी किल्ल्यापासून चालत दहा मिनिटांवर. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण घेतलं आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात या खाडीवर झाली, हे तो पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतो. समुद्र आमच्याकडेच आहे, असं त्याचं म्हणणं. नानांनीही मान डोलावली. पण धाकटीने वाळूचं विचारलं आणि वाद मिटला. आमच्या खाडीतली वाळू वर्षानुवर्षं ट्रकांत भरून गेली आणि कल्याण-डोंबिवलीच्या इमारती त्यातून उभ्या राहिल्या. एका अर्थी आम्ही रोज वाळूच्या किल्ल्यातच झोपतो, पण चार वर्षांच्या मुलीला हे पटवता येत नाही.

आता शहराचं. मी रोज मुंबईला जातो. डोंबिवलीतला निम्मा पुरुषवर्ग आणि बराचसा स्त्रीवर्ग रोज मुंबईला जातो. पण आम्ही मुंबई बघितलेली नसते. माझी मुंबई म्हणजे मशीद बंदर स्टेशनचा जिना, एक चहावाला आणि ऑफिसची लिफ्ट. त्यामुळे "बाबा रोज जातात, त्यांना सगळं माहीत असेल" असं मुलांनी जाहीर केलं तेव्हा मी गुपचूप शोधायला बसलो.

पहिला शोध असा की मुंबईत प्रत्येक बघण्यासारख्या गोष्टीला आठवड्याची एक सुट्टी असते आणि ती त्यांनी एकमेकांना न विचारता ठरवलेली आहे. राणीची बाग बुधवारी बंद. तिच्या शेजारचं भाऊ दाजी लाड संग्रहालयही बुधवारी बंद. नेहरू तारांगण सोमवारी बंद. घारापुरीची लेणी सोमवारी बंद. रविवारी सगळं उघडं, पण त्या दिवशी मेगाब्लॉक, म्हणजे जायचा रस्ता बंद. नानांनी तारापोरवाला मत्स्यालयाचं नाव काढलं. ते १९५१ साली सुरू झालं आणि नानांनी लहानपणी देवगडहून येऊन पाहिलं होतं. ते आता सगळेच दिवस बंद आहे. "मग आहे काय तुझ्या मुंबईत?" नाना म्हणाले. मुंबई माझी कधीपासून झाली हे मला कळलं नाही.

त्यात आमच्या घरचे वार. आमच्याकडे मासे बुधवार, शुक्रवार, रविवार. सोमवारी आईचा महादेव, गुरुवारी दत्त, मंगळवार-शनिवार आणखी कुणाचे तरी. शिवाय शनिवारी अमावास्या येत होती, आणि अमावास्येला प्रवास नाही. रविवारी परत यायचं असल्याने ती अडचण सुटली. गुरुवारी राणीची बाग उघडी आणि मासे नाहीत, शुक्रवारी समुद्र आणि मासे. भावाच्या रंगीत शीटला जे जमलं नव्हतं ते आईने कालनिर्णयकडे एकदा बघून जमवलं.

चौकशी करताना मला हळूहळू कळत गेलं की मूल म्हणजे कोण, यावर या राज्यात एकवाक्यता नाही. लोकलमध्ये पाच वर्षांखालचं मूल फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट, पुढे माणूस. एसटीतही तसंच. राणीच्या बागेत मात्र बालपण जास्त टिकतं, मी चौकशी केली तेव्हा ते तीनला सुरू होऊन पंधराला संपत होतं. तिथे कुटुंबासाठी एकत्र तिकीटही होतं: आई, वडील आणि दोन मुलं मिळून शंभर रुपये. तिसरं मूल त्या कुटुंबात बसत नाही, त्याचे पंचवीस वेगळे. कुणाला कुटुंबाबाहेर काढायचं यावर आमच्याकडे तासभर चर्चा झाली. थोरली म्हणाली, "मला काढा." आपण "बालक" या रकान्यात जाणार हे कळल्यापासून ती तशीही घरात राहत नसल्यासारखीच वावरत होती.

नागावच्या मुक्कामाची व्याख्या सगळ्यांत वेगळी निघाली. नारळी-पोफळीच्या वाडीत एक घरगुती सोय होती, मालकीणबाईंना फोन केला.

"अकरा जण आहोत. त्यात चार मुलं."

"मुलं केवढी?"

"चौदा, बारा, नऊ आणि चार."

"वय नको हो. भाकऱ्या किती खातात ते सांगा."

मी खरं ते सांगितलं. त्यांनी भाच्याला दीड माणूस धरलं, थोरलीला पाऊण, मधल्याला अर्धं. धाकटीला नुसती खीर. मला विचारलं, तर मुलांचं वय मोजण्याची ही एकमेव शास्त्रशुद्ध पद्धत आहे आणि रेल्वे बोर्डाने तिचा विचार करायला हरकत नाही.

गुरुवारी सकाळी डोंबिवलीहून मुंबईकडे, सामान आणि चार वर्षांचं मूल घेऊन, लोकलमध्ये चढायचं. हे वाक्य ज्यांना विनोदी वाटलं नाही ते बाहेरगावचे असावेत. त्यावर आमच्याकडे एकच उपाय आहे: उलटं जायचं. आम्ही सगळे आधी मुंबईकडे पाठ करून कल्याणला गेलो, तिथे ताई आणि भाचा डब्यात जागा धरून बसले होते, आणि कल्याणहून सुटणारी स्लो पकडली. डोंबिवलीत गाडी आली तेव्हा खिडकीतून आम्ही आमच्याच फलाटावरच्या गर्दीकडे पाहिलं. मधल्याने तर ओळखीच्या एका काकांना हात केला. ते काका चढू शकले नाहीत.

ठाण्याला भाऊ आणि भावजय चढणार होते. शीटमध्ये तसं होतं. भाऊ "मुंबईकडून चौथा डबा" या चौकटीपाशी अचूक उभा होता, गाडी अचूक आली, दार त्याच्यासमोर आलं आणि गेलं. दोघं मागच्या गाडीने आले.

ठाण्यानंतर भाच्याने व्याख्यान दिलं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आली. चौदा डबे, चारशे पाहुणे, आणि साहिब, सिंध व सुलतान अशी तीन इंजिनं. अंतर ३४ किलोमीटर, वेळ ५७ मिनिटं.

"आणि आपल्या या गाडीला ठाण्याहून व्हीटीला किती लागतात?" नानांनी विचारलं. ते अजून व्हीटीच म्हणतात.

"स्लोला साधारण तेवढीच."

नानांनी समाधानाने डोळे मिटले. जवळजवळ पावणेदोनशे वर्षांत आपलं काही चुकलेलं नाही, अशी त्यांची एकूण मुद्रा होती.

भायखळ्याला उतरलो. मुक्कामाचं सामान घेऊन पेंग्विन बघायला जाणारं दुसरं कुटुंब मला त्या दिवशी दिसलं नाही. राणीची बाग १८६१ ची, तिथली झाडंच बघण्यासारखी आहेत, पण झाडं कुठल्याच वयाच्या चौकटीत नव्हती. पेंग्विन मधल्यासाठी ठेवले होते. त्याने आधीच सगळं वाचलं होतं: हे हम्बोल्ट पेंग्विन, २०१६ मध्ये दक्षिण कोरियाहून आणले, आणि ते बर्फातले नव्हेतच, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. एवढं माहीत असल्यामुळे त्याला बघायला काही उरलं नव्हतं. दोन मिनिटांत तो "चला" म्हणाला.

नाना मात्र हलेनात. बाहेर मे महिना होता. आत काचेपलीकडे पक्ष्यांसाठी केलेला गारवा आणि काचेअलीकडे माणसांसाठी चालवलेला एसी. नानांनी काचेला टेकून एका पेंग्विनशी बराच वेळ नजरानजर केली. "याचं बरं चाललंय," म्हणाले. मागून शिट्टी झाली तेव्हा पुढे सरकले आणि पुन्हा रांगेत उभे राहिले. धाकटी बायकोच्या खांद्यावर झोपून गेली. शीटमधली झोप एक वाजता होती, आत्ता कुठे अकरा वाजत होते, पण तिला वाचता येत नाही.

ती जागी झाली ती शेजारच्या संग्रहालयाच्या आवारात. तिथे एक मोठा दगडी हत्ती आहे. हा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते याच्यावरून. इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा घाट घातला, तेव्हा तो फुटला. नंतर तुकडे जोडून इथे उभा केला. धाकटीने त्याच्याभोवती फेऱ्या मारल्या, त्याला "जेवलास का" म्हणून विचारलं आणि खाऊ दाखवला. बागेतल्या एकाही जिवंत प्राण्याकडे तिने ढुंकून पाहिलं नव्हतं. पुढे घरी शेजारणीने विचारलं तेव्हाही तिने मुंबईत काय पाहिलं याचं उत्तर "हत्ती" असंच दिलं, आणि राणीच्या बागेतल्या हत्तीची चौकशी करत शेजारीण दोन दिवसांनी परत आली.

तिथून दोन टॅक्सींत गेटवे. वाटेत शीटमधल्या दोन चौकटी गळाल्या, त्यांची नावंही आता आठवत नाहीत. थोरलीला तिची काकू कॉजवेवर घेऊन गेली, आम्ही उरलेले सामानासह गेटवेसमोर बसलो. गेटवे ऑफ इंडिया पंचम जॉर्ज राजाच्या १९११ मधल्या स्वागतासाठी योजलं आणि पूर्ण झालं १९२४ मध्ये, राजा येऊन गेल्यावर तेरा वर्षांनी. मुंबईत काम वेळेवर न होण्याला राजाश्रय आहे. एवढ्या मोठ्या कमानीची सावली मात्र दुपारी कामाला येईल अशा जागी पडत नाही. थोरली तासाभराने कानातल्यांचे बरेच जोड घेऊन आली. कॉफीवर पान होतं की नव्हतं ते तिने सांगितलं नाही. पण नंतर धाकटीच्या दोन्ही कानांवर लोंबती फुलपाखरं दिसली, तेव्हा खरेदी कुणासाठी झाली हे कळलं.

लाँचवर भाच्याने पुन्हा रोरोचा विषय काढला. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्यांसकट माणसं नेणारी ही बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. त्याला तीच हवी होती. आपल्याकडे गाडी नाही हे कारण त्याला पुरेसं वाटत नव्हतं. आईचंही मत रोरोलाच होतं, कारण भाऊच्या धक्क्यावर मासळीचा भाव कळला असता. बारा आणि एकाहत्तर ही दोन वयं एका बाजूला आली की त्यांना हरवणं कठीण असतं, पण तिकिटं काढून झाली होती.

लाँचमागे उडणाऱ्या सीगल पक्ष्यांना दाखवायचं म्हणून भावजयीने धाकटीसाठी वेफर्सची पाकिटं घेतली होती. तिने ते व्हिडिओत पाहिलेलं. पण सीगल हे आपल्याकडे हिवाळी पाहुणे; थंडी सरली की ते उत्तरेला परत जातात. मेच्या उन्हात समुद्रावर आम्ही आणि एक तेलवाहू जहाज. धाकटीने आकाशाकडे बघत दोन्ही पाकिटं स्वतः संपवली आणि मांडव्याच्या जेटीवर उतरताना "पक्षी चांगले होते" म्हणाली. तिथून लाँचच्या तिकिटातच अलिबागपर्यंत बस मिळते. भाच्याच्या हिशेबात ते आणखी एक वाहन. पुढे नागावला टमटम. तो खूष.

नागावला पोचलो आणि नानांचं राज्य सुरू झालं. अलिबागच्या समुद्रातल्या किल्ले कुलाब्यावर चालत जायचं तर ओहोटी हवी. भावाच्या मोबाइलवर भरती-ओहोटीचं अॅप होतं. नानांना अॅप लागत नाही. देवगडला शिकलेलं गणित त्यांना पाठ आहे: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. शुक्रवारी चतुर्दशी. चौदाची पाऊणपट साडेदहा. साडेदहाला पूर्ण भरती, त्यानंतर सव्वासहा तासांनी, म्हणजे पावणेपाचला, पूर्ण ओहोटी. "साडेतीनला निघायचं, साडेपाचला परत फिरायचं," नानांनी निकाल दिला. अॅपची वेळ वीसेक मिनिटांनी वेगळी होती. भावाने ती दाखवली. नाना म्हणाले, "चंद्राला विचार, कुणाचं बरोबर ते."

हे गणित सर्वांत जास्त कुणाला आवडलं असेल तर थोरलीला. तिने वहीच्या मागच्या पानावर प्रतिपदेपासून अमावास्येपर्यंतचा तक्ता काढला. अष्टमीला भरती सहाला, म्हणून ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणून अष्टमीला कुलाब्यावर जाणाऱ्यांचं डोकं तपासावं, असा शेराही लिहिला. रोजचा उशीर नक्की किती यावरून आजोबा-नातीत बराच वेळ घासाघीस झाली. तो पन्नास मिनिटांच्या आसपास असतो आणि नाना पंचेचाळीस धरतात, म्हणून महिन्यात चूक साठत का नाही, हे तिने विचारलं. नाना म्हणाले, "कारण पंधरा तिथी झाल्या की मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते." ती गप्प झाली. क्लासमध्ये ती अशी गप्प झाल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या यशाने मला चेव आला. अलिबागला भूचुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं, विजेच्या प्रवाहामुळे चुंबकसूया बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये वेध घेण्याचं काम इकडे अलिबागला हलवलं. दहावीच्या विज्ञानात विद्युतधारेचे परिणाम हा आख्खा धडा आहे. मी तो योग साधून विस्ताराने सांगू लागलो.

"बाबा," थोरली म्हणाली, "सुट्टी आहे."

नाना चालतात, मी चालत नाही. असो.

साडेतीनला पाणी घोट्याच्या खाली होतं. आईला आणि धाकटीला घोडागाडीत बसवलं, बाकीचे चालत. मधल्याची तोफ तिथे होती, चाकांसकट, इंग्लंडात घडवलेली. त्याने तिच्यावरची अक्षरं बोटाने वाचली आणि त्याचं समाधान झालं असं मला वाटलं. पण घरी आल्यावर तो सगळ्यांना सांगत सुटला तो तोफेचं नाही. चारी बाजूंनी खारं पाणी असलेल्या त्या किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे, तिचं. बायको त्या विहिरीच्या काठावर सावलीत बसली होती आणि तिला तिथे कुणी हाक मारली नाही. सहलीत तिला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं.

वयोगटानुसार आखणी करा म्हणून जे सांगतात त्यांना मुलं कमी असावीत. आमच्या शीटमधल्या जवळजवळ प्रत्येक चौकटीचा माल भलत्याच्याच घरी पोचला. मधल्याचे पेंग्विन नानांनी घेतले, नानांची भरती-ओहोटी थोरलीने, थोरलीचं कॉजवे धाकटीच्या कानात गेलं. भाच्यासाठी कुणी काहीच आखलं नव्हतं, त्याने शुक्रवारी रात्री सुरमईबरोबर किती भाकऱ्या खाल्ल्या ते मालकीणबाईंनी मोजलं आणि त्याचा हिशेब दीडवरून दोन माणसांवर नेला. वाळू मात्र धाकटीचीच राहिली. शनिवारी दिवसभर ती आणि वाळू. अमावास्येमुळे उधाण होतं, सगळ्यांना लाटांपासून लांब बसायचं होतं, आणि ती त्या वाळूत इतकी रमली की भावजयीने कंटाळून शेजारी एक घर बांधलं, मग भावाने त्याला कुंपण घातलं, मग तिथे पार्किंगची जागा काढली. त्याला मुलं नाहीत, पण घोडबंदरला फ्लॅट आहे.

रविवारी अलिबाग स्टँडवर कल्याणची एसटी धरली. वडखळला जे होतं ते झालं, त्याचं वर्णन करत नाही. तिथे अडकलेल्या वाचकांना ते पाठ आहे.

खरा प्रसंग तिकिटांचा. कंडक्टरने यंत्र हातात घेतलं. नाना पंचाहत्तरच्या पुढचे, एसटीत त्यांना २०२२ पासून पूर्ण प्रवास फुकट. आधार कार्ड त्यांनी अलिबागला चढण्याआधीच हातात काढून ठेवलं होतं. आईला अर्धं. बायको, ताई, भावजय अर्धं, कारण मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं भाडं. थोरलीही अर्धं. राणीच्या बागेत ती बालक होती, इथे महिला झाली. पैसे दोन्हीकडे कमीच लागले, पण इथे तिने ओढणी सारखी केली. मधला नऊचा, त्याला अर्धं. धाकटी फुकट.

"आणि हा?" कंडक्टरने भाच्याकडे बघितलं. ताई तोंड उघडणार एवढ्यात भाचा उठून उभा राहिला.

"बारा पूर्ण. एप्रिलमध्ये झाली."

त्याचं फुल्ल. माझं फुल्ल. भावाचं फुल्ल. अकरा माणसांत पूर्ण पैसे भरणारे आम्ही तिघे. भाच्याने आपलं तिकीट ताईकडे दिलं नाही, स्वतःच्या खिशात ठेवलं आणि पेणपर्यंत तो माझ्या आणि भावाच्या मधे बसून आला. मोठ्या माणसांचं बोलणं काय असतं ते ऐकायला. आम्ही दोघं वडखळबद्दल बोलत होतो.

धाकटीला डिसेंबरात पाच पूर्ण होतील. म्हणजे पुढच्या मेमध्ये एसटीत तिचं अर्धं तिकीट लागेल. बारानंतर ती महिला म्हणून अर्ध्यातच राहील, आणि पंचाहत्तरीनंतर पुन्हा फुकट. सरकारने निर्णय बदलला नाही तर या मुलीला महाराष्ट्राच्या हद्दीत एसटीचं पूर्ण तिकीट आयुष्यात कधीच काढावं लागणार नाही.